चावी शेजारी ठेवता येईल का?

मुंबईत घर शोधताना एजंट दुसऱ्याच वाक्याला आडनाव विचारतो. मग यादीचे दोन भाग पडतात: ‘आपल्या लोकांची’ सोसायटी, नाहीतर म्हाडाच्या सोडतीतून भरलेली, बारा गावच्या माणसांची इमारत.

पहिलीला परंपरा आहे. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ची. एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिली. इथे विश्वास आयता मिळतो. आडनाव ऐकलं की नातं निघतं, आठवड्याभरात चावी शेजारी. पण हाच विश्वास गेटपाशी संपतो, आणि घरातलं काहीही झाकून राहत नाही. मुलाने जातीबाहेर लग्न ठरवलं की जिन्यातली कुजबुज ऐकून घ्यायची तयारी हवी.

मिश्र इमारतीत सुरुवात कोरडी असते. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट पुटनम यांनी २००७ मध्ये हेच मांडलं: विविधता जास्त असलेल्या वस्त्यांत लोक परक्यांवरच काय, आपल्यांवरही कमी विश्वास ठेवतात. त्यावर बरेच आक्षेप आले, पण आमच्या मजल्याचं पहिलं वर्ष अगदी तसंच गेलं. लिफ्ट रिकामी दिसली तरच बाहेर पडायचं! मग पाण्याचा पंप जळाला. आठवडाभर टँकर. वर्गणीची वही घेऊन तिसऱ्या मजल्यावरचे चाचा आणि आमच्या सासूबाई दारोदार फिरले, हिशेबावरून दोनदा भांडले. आता आमची चावी चाचींकडे असते.

मोठं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ला तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या मोहल्ला समित्या बसवल्या. १९९२-९३ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शेजार तोच होता. नियमित बैठक नवी होती.

अकरा महिन्यांच्या करारावर, लहान मूल घेऊन जाणार असाल तर मी आपल्या लोकांत जा म्हणेन; विश्वास कमवायला तेवढा वेळच नसतो. विकत घेणार असाल तर मिश्र इमारत, पण आधी गेल्या सर्वसाधारण सभेला किती जण आले होते ते काढा. आणि वॉचमनला विचारा, घरी कोणी नसलं की पार्सल कुठे देतोस? ‘इथेच केबिनमध्ये’ म्हणाला, तर पुढची इमारत बघा.