वाहत्या मीडियममधल्या पेशी: चिप घ्यावी, प्लेट चेंबर की शेकर?

रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी वाहत्या मीडियममध्ये, म्हणजे त्यांच्या पोषक द्रवात, वाढवायला तीन साधनं आहेत: चिप (बारीक चॅनल असलेला रबरी तुकडा), प्लेट चेंबर (काचपट्टीवरची सपाट, बंद पोकळी) आणि शेकर (पेशींची प्लेट गोल हलवणारं यंत्र). काम सुरू करताय, तर आधी एक ठरवा. प्रवाह थांबला की त्या पेशींचं काय करणार? मायक्रोस्कोपखाली बघणार, की खरवडून प्रथिनं काढणार? खारघरच्या आमच्या लॅबमध्ये मी हे आधी ठरवलं नाही. चिपवर चार महिने घातले, आणि मग वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिनं ओळखायच्या चाचणीला) पेशी पुरेनात. 1 मिमी रुंद आणि 20 मिमी लांब चॅनलमध्ये फार तर वीसेक हजार पेशी बसतात. प्लेट चेंबरच्या काचेवर दहा लाखांच्या आसपास.

पण मीडियमचा हिशेब उलटा आहे. धमनीतल्यासारखा 10 डाइन प्रति चौरस सेमी ताण (वाहत्या द्रवाचं पेशींना घासणारं बल) हवा असेल, तर 0.1 मिमी उंचीच्या त्याच चॅनलला मिनिटाला साधारण 0.14 मिली पुरतं, म्हणजे दिवसाला 200 मिली. 25 मिमी रुंद, 0.25 मिमी उंच प्लेट चेंबरला मिनिटाला 22 मिली लागतं. तेच मीडियम पंपाने फिरवत राहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि पेशींनी सोडलेली द्रव्यंही त्यातच फिरत राहतात.

पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होत जाताना तासातासाला बघायच्या असतील, तर मी डोळे झाकून चिप घेईन. तिचा खरा वैरी बुडबुडा. इन्क्युबेटरमध्ये गार मीडियम तापलं की त्यातली हवा सुटते, चॅनलमधून एक बुडबुडा सरकतो आणि मागे पेशी सोललेला स्वच्छ पट्टा राहतो. मीडियम आदल्या रात्रीच इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि चिपच्या आधी बुडबुडे अडवणारा बबल ट्रॅप लावा. औषधं तपासणार असाल तर आणखी एक अडचण: पीडीएमएस, म्हणजे चिपचं सिलिकोन रबर, तेलकट स्वभावाचे छोटे रेणू शोषून घेतं, त्यामुळे तुम्ही घातलेला डोस पेशींना मिळतोच असं नाही. प्लेट चेंबर मात्र ॲक्रिलिकचं करता येतं. रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला ड्रॉइंग द्या.

शेकर स्वस्त, पण प्लेटमधल्या विहिरीच्या (पेशी ठेवायच्या खळग्याच्या) मध्यात एक ताण आणि कडेला दुसरा. पेशी प्रवाहाला दाद देतात का, एवढं बघायला तो ठीक.

चिपच घेतलीत, तर पहिल्याच दिवशी एक चिप ब्लेडने आडवी कापा आणि चॅनलची उंची मोजा. प्रवाह तोच असेल तर ताण उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो: 100 ऐवजी 110 मायक्रॉन निघाले, तर 10 डाइन समजून तुम्ही 8.3 देत असता.