स्टॅक केकसाठी काकवी: चालते, पण बाटली पारखून घ्या

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरपट्ट्यातला, म्हणजे पूर्व टेनेसी, केंटकी, पश्चिम नॉर्थ कॅरोलायना या भागातला अ‍ॅपल स्टॅक केक हा नावाला केक. प्रत्यक्षात ती जाड बिस्किटासारख्या सहा-सात चकत्यांची चळत असते. मधे वाळवलेल्या सफरचंदाचा मसालेदार गर भरतात आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवतात. गराचा ओलावा चकत्यांत मुरला की मगच सुरी लावायची. तिकडच्या घरांत हा पदार्थ आजीच्या हातून सुनेकडे गेला तो मापाशिवाय. ‘पीठ घट्ट होईल इतका मैदा’, ‘तव्याएवढी चकती’ एवढ्यावरच काम चालायचं. तिकडे राहून आलेल्या मराठी घरांत याची फर्माईश झाली की पहिली अडचण येते पिठात घालायच्या सॉर्घम सिरपची. ते इथल्या दुकानांत मिळत नाही, म्हणून परीक्षण आहे काकवीचं आणि सोबत बाजारातल्या वाळक्या सफरचंदाचं.

सॉर्घम सिरप म्हणजे गोड ज्वारीच्या ताटांचा रस आटवून केलेला पाक. उथळ, लांब काहिलीत रस उकळतो, वर येणारी मळी सतत काढतात. आपल्या गुऱ्हाळाचंच धाकटं भावंड. आपल्याकडे गोड ज्वारी नवी नाही, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर आणि तिच्या सिरपवर बरंच काम केलं आहे. पण वाण्याकडे हमखास मिळते ती उसाची काकवी.

काकवी बदली म्हणून उभी राहते का? राहते, थोडी डागडुजी करून. रंग जवळपास तोच, आणि भाजल्यावर येणारा खमंगपणा तर हुबेहूब. फरक तीन आहेत. सॉर्घमला हलकी आंबूस-तुरट बाजू असते, काकवी निव्वळ गोड लागते. सॉर्घममध्ये सहसा खडे धरत नाहीत, काकवीत साखरेचे खडे तळाला बसतात. आणि सॉर्घम साधारण १०८ अंश सेल्सिअसपर्यंत आटवलेलं असतं, तर बाजारातली बरीचशी काकवी त्याआधीच उतरवलेली, पाणचट असते.

पाणचट काकवी हेच बिघाडाचं मूळ. पीठ चिकट होतं, लाटता येत नाही, मग माणूस मैदा वाढवत जातो आणि चकत्या वातड होतात. म्हणून बाटली घेताना आडवी करून बघा. आतला बुडबुडा आळसटल्यासारखा सरकला तर ठीक, झटकन पळाला तर पातळ. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा वर फेस दिसला तर ती आंबायला लागली आहे, परत करा. घरी आणलेली पातळ काकवी जाड बुडाच्या पातेल्यात एक चमचा लिंबाचा रस घालून मंद आचेवर १०८ अंशांपर्यंत आटवा. थर्मामीटर नसेल तर थेंब स्टीलच्या थाळीत टाका आणि थंड झाल्यावर थाळी तिरकी करा. थेंब ओघळला नाही, नुसता सरकला, की बास. लिंबामुळे खडे धरणं कमी होतं आणि हरवलेली आंबूस बाजूही थोडी परत येते. वापरायची ती कोमटच.

काळं मोलॅसिस, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला पाक, बदली म्हणून आणू नका, सगळा केक कडवट होतो. गूळ पाण्यात विरघळवून घेतला तर काम भागतं, चव मात्र गुळाच्या पोळीकडे झुकते.

आता प्रमाण, २० सेंटिमीटरच्या सहा चकत्यांसाठी. मैदा ६०० ग्रॅम, मऊ लोणी ११५ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, अंडं एक, आटवलेली काकवी २४० मिलिलिटर (वजनात साधारण ३३० ग्रॅम), सुंठपूड दीड चमचा, मीठ अर्धा चमचा, खायचा सोडा पाऊण चमचा. चमचे मापाचे, ५ मिलिलिटरचे. अमेरिकन पाककृतींत सोडा सहसा एक चमचा असतो. काकवीला आंबटपणा कमी, त्यामुळे तेवढा सोडा घातला तर साबणासारखी चव मागे राहते. त्या पाककृतींत बटरमिल्कही असतं, पण ते दाट असतं, आपलं ताक नाही; त्याऐवजी ९० ग्रॅम आंबट दही ३० मिलिलिटर पाण्यात घुसळून घ्या. बेकिंग पावडर अजिबात नको. चकती फुगली की ती स्पंजासारखी होते आणि गर लागला की तिचा लगदा होतो. कणकेचा हट्टही इथे नको, चकत्या कोरड्या राहतात.

लोणी-साखर फेटून अंडं, मग काकवी, मग मैद्याचं मिश्रण आणि दही आलटून-पालटून. गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवा. सहा भाग करा, प्रत्येकी २०० ग्रॅमच्या आसपास, अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, काट्याने टोचे मारा. पोळपाटावरून उचलताना फाटत असेल तर बेकिंग पेपरवरच लाटून तसंच ओव्हनमध्ये सरकवा. १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं, पंखा चालू असेल तर १६५. काकवीमुळे कडा लवकर करपतात, म्हणून आठव्या मिनिटापासून नजर ठेवा. जुन्या पद्धतीत चकत्या बिडाच्या तव्यात भाजायच्या. घरातला तो तवा अजून असेल तर त्याचा व्यास मोजा, आजीच्या ‘तव्याएवढ्या’चं उत्तर तिथेच मिळतं.

सफरचंदाच्या बाबतीत मात्र बाजार निराश करतो. मॉलमध्ये, सुक्यामेव्याच्या दुकानांत ‘ड्राय अ‍ॅपल’ म्हणून मिळणारे चकचकीत तुकडे बहुधा साखरेच्या पाकात मुरवलेले असतात. ते शिजवले की चिकट मुरंबा होतो, सफरचंदाचा वासही येत नाही. पाकिटामागे घटकांत साखर दिसली की ठेवून द्या. हिमाचल-काश्मीरकडच्या बिनसाखरेच्या, सालासकट वाळवलेल्या तपकिरी फोडी मिळाल्या तर त्याच घ्या, दिसायला कितीही ओबडधोबड असोत. पांढऱ्याफटक फोडींना बहुधा गंधकाची प्रक्रिया केलेली असते; चालतात, पण गर फिका होतो. ताज्या सफरचंदाचा गर वापरायचा मोह आवरा. वाळताना रस आटतो, आंबट-गोड दाटतं, आणि या केकची चव तीच आहे.

घरी वाळवायचं तर मोसम आडवा येतो. सफरचंद स्वस्त होतं ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा कोकण-मुंबईत उन्हाचा पत्ता नसतो आणि फोडींना बुरशी धरते. ओव्हनमध्ये ६० ते ६५ अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून आठ-दहा तास लागतात. फोड ५ मिलिमीटरची, वाकवल्यावर तुटू नये पण दाबल्यावर रस येऊ नये. साधारण ४ किलो फळाचे ४०० ग्रॅमच्या आसपास होतात, वीजबिल धरून हिशेब करा.

गरासाठी ४०० ग्रॅम फोडी सव्वा लिटर पाण्यात मंद आचेवर ४५ मिनिटं ते तासभर शिजवून घोटा. त्यात १५० ग्रॅम साखर किंवा गूळ, दालचिनी दोन चमचे, लवंगपूड पाव चमचा, जायफळ थोडं. आपल्याकडची रॉयल डिलिशस जातीची सफरचंदं गोड, म्हणून दीड चमचा लिंबाचा रस हवाच. डावाने ओढलेली रेघ क्षणभर राहून मिटली पाहिजे. जॅमसारखा घट्ट गर चकतीला ओलावा देत नाही, तिसऱ्या दिवशीही ती कडकच राहते. पातळ असेल तर चळत एका बाजूला घसरते. गर गरम असतानाच पसरा, दर थराला पाऊण वाटी ते वाटीभर, अगदी कडेपर्यंत. वरची चकती कोरीच ठेवतात.

लग्नात प्रत्येक पाहुण्याने एकेक थर आणायचा आणि तिथेच केक रचायचा अशी एक लोकप्रिय कथा या केकभोवती आहे. पण तसा रचलेला केक त्या दिवशी दाताने फोडावा लागला असता. पहिल्या दिवशी चाखून ‘जमला नाही’ म्हणणारे बहुतेक लोक इथेच फसतात. आठवणीतली चव तिसऱ्या दिवसाची असते. पुण्या-नाशिकच्या थंडीत दोन दिवस बाहेर, घट्ट गुंडाळून. दमट हवेत रात्रभर बाहेर आणि मग फ्रिज, पण तिथे मुरणं मंदावतं, एक दिवस जास्त धरा. खाण्याआधी तासभर बाहेर काढा.

काकवीला पाचपैकी चार गुण, तेही आटवल्यावर. बाजारातल्या पाकवलेल्या सफरचंदाला एक. अटलांटा किंवा नॅशव्हिलहून कोणी येणार असेल तर मात्र सॉर्घमचीच बाटली मागवा, आणि ती चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत बांधून.