अल्फा कोर्स: मराठी मंडळीने घ्यावा का, आणि घेतला तर कसा चालवावा

चर्चची पायरी कधी न चढलेल्या माणसाला येशूविषयी मनातलं सगळं विचारता यावं, यासाठी जे तयार साहित्य मिळतं त्यात अल्फा कोर्स आम्हाला सर्वांत उपयोगी वाटतो. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, तो जरूर घ्यावा. पण तो शिष्य, म्हणजे येशूची शिकवण रोजच्या जगण्यात पाळणारी माणसं, घडवून देतो, या अपेक्षेने घेऊ नये.

लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये चार्ल्स मार्नहॅम यांनी १९७७ मध्ये नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी चार आठवड्यांचा वर्ग सुरू केला, तिथून अल्फाची सुरुवात झाली. पुढे तो दहा आठवड्यांचा झाला. १९९० मध्ये तो निकी गंबेल यांच्याकडे आला आणि त्यांनी तो चर्चबाहेरच्या माणसासमोर ठेवून नव्याने मांडला. आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. पंचवीस वर्षं महिला संघात किंवा तरुण संघात असलेली माणसं हौसेने नाव देतात, पाहुण्यांच्या (चर्चबाहेरून आलेल्यांच्या) प्रत्येक प्रश्नाला बायबलमधल्या वचनाच्या संदर्भासकट उत्तर देतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पाहुणे येईनासे होतात. जुन्या सभासदांना करायचाच असेल तर त्यांचा वेगळा गट करा. पाहुण्यांच्या गटात त्यांना बसवू नका.

रचना साधी आहे. एकत्र जेवण, मग साधारण २५ मिनिटांचं भाषण किंवा फिल्म, मग गटात चर्चा. असे जवळपास अकरा आठवडे, आणि मध्ये पवित्र आत्म्याविषयी (विश्वासणाऱ्यात काम करणाऱ्या देवाच्या आत्म्याविषयी) एक पूर्ण दिवस किंवा शनिवार-रविवार. येशू कोण, तो का मेला, प्रार्थना कशी करावी, बायबल का वाचावं, देव आजही बरं करतो का, इतरांना का आणि कसं सांगावं, असे विषय ओळीने येतात. पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे नसतात. मंडळीने संकेतस्थळावर नोंदणी केली की फिल्म आणि मार्गदर्शिका विनामूल्य मिळतात.

कोर्सचा जीव चर्चेत आहे. एका गटात बारापेक्षा जास्त माणसं नकोत: दोन यजमान, दोन मदतनीस आणि आठ पाहुणे. यजमानाचं काम शिकवणं नाही, विचारणं आहे. ‘ऐकून काय वाटलं?’ हा प्रश्न टाकायचा आणि थांबायचं. शांतता पसरली की आपल्या माणसांना ती भरून काढण्याची घाई होते. ती आवरता आली पाहिजे. कुणी म्हणालं, ‘सगळे देव एकच, मग येशूच का?’ तर लगेच बायबलमधलं योहान १४:६ (‘मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे’) काढू नका. ‘बाकीच्यांना काय वाटतं?’ असं विचारून प्रश्न गटाकडे वळवा. पाहुण्याला कळलं पाहिजे की इथे असहमत होता येतं. म्हणूनच पाळकांनी किंवा फादरनी गटाचं यजमानपद घेऊ नये. पांढरा झगा नसला तरी त्यांच्यासमोर मराठी माणूस ‘हो, बरोबर आहे’ म्हणून गप्प बसतो. त्यांनी जेवणाला यावं, ओळख करून घ्यावी आणि निघावं. यजमानांची तयारी आधीच्या दोन बैठकांत करून घ्या. त्यातली एक बैठक फक्त ऐकण्याच्या सरावाची असू द्या: एकाने पाहुणा व्हायचं, दुसऱ्याने दहा मिनिटं एकही उत्तर न देता नुसते प्रश्न विचारायचे. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे, आणि ज्याला हे जमत नाही त्याला स्वयंपाकाची किंवा खुर्च्यांची जबाबदारी देणंच बरं.

आता मुंबईचं गणित. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातची वेळ विरार किंवा कल्याणला राहणाऱ्याला अशक्य आहे. रविवारी साडेपाच ते साडेसात ठेवा. तोवर मेगाब्लॉक आटोपलेला असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारीही करता येते. वेळेवर संपवणं हा पाहुण्याचा मान आहे. चर्चा कितीही रंगली तरी साडेसातला उठा. सुरुवात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात करावी म्हणजे मार्चअखेर अकरा आठवडे पुरे होतात. फक्त दहावी-बारावीची मुलं असलेले पालक त्या काळात येणार नाहीत, हे धरून चला. मे महिन्यात लोक गावाला जातात. जून-जुलैत सुरू केलात तर पावसासाठी दोन रविवार जादा धरा आणि गणपती कधी आहेत ते आधी पंचांगात बघा.

जेवण सगळ्यांसाठी शाकाहारीच ठेवा, आणि केक आणलात तर तोही बिनअंड्याचा. बारा जणांना मिसळ करायची तर पाऊण ते एक किलो कोरडी मटकी आणि तीस पाव पुरतात. पुलाव केला तर सव्वा किलो तांदूळ. चतुर्थी किंवा एकादशीचा उपास धरणारा कुणी असेल तर साबुदाण्याची खिचडी किंवा फळं ठेवा, आणि त्यावर काही बोलू नका. पहिल्या काही आठवड्यांत ‘उपासना संगीत’ या चर्चच्या गीतसंग्रहातली गाणी नकोत. न येणारं गाणं टाळ्या वाजवत ऐकणं पाहुण्याला फार अवघड जातं.

भाषेच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: इंग्रजी फिल्म लावून मध्येमध्ये थांबवत भाषांतर करू नका. २५ मिनिटांचे ५० होतात आणि चर्चेचा वेळ खाल्ला जातो. अल्फात प्रत्यक्ष भाषण देण्याची मुभा आहे, ती वापरा. मुद्दे तेच ठेवा, उदाहरणं आपली घ्या. ‘इतरांना का सांगावं’ या विषयाला कवी ना. वा. टिळकांइतकं चपखल उदाहरण नाही. रेल्वेत भेटलेल्या एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार (बायबलचा येशूविषयीचा भाग) दिला, त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) झाला. तिथेच थांबू नका, पुढचंही सांगा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि नंतर स्वतःच्या विचाराने विश्वासात आल्या. घरात काय किंमत मोजावी लागू शकते हे पाहुण्याला आधी सांगणं, हा सुवार्तेचाच, म्हणजे येशूच्या संदेशाचाच, भाग आहे. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करायला खुद्द येशूने सांगितलं आहे.

पवित्र आत्म्याच्या दिवसासाठी गोराई, उत्तन किंवा खंडाळा चांगलं, पण शनिवारी साडेनऊ ते पाच चर्चच्या हॉलमध्येही तो नीट होतो. प्रार्थना करताना आधी परवानगी विचारा. बाईसाठी बाईने आणि पुरुषासाठी पुरुषाने प्रार्थना करावी, हात फक्त खांद्यावर, आवाज हळू. रडलं नाही किंवा काही ‘जाणवलं’ नाही म्हणून कुणाला कमी लेखू नका. ‘देव आजही बरं करतो का’ या विषयाच्या दिवशी एक वाक्य स्पष्ट म्हणा: डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करायचं नाही.

राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्माच्या प्रसाराचं स्वातंत्र्य दिलं आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ सांगितला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून देणं हा प्रसार, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात नाही. आपला विश्वास प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला याची अडचण वाटू नये. निमंत्रणावर चर्चचं नाव आणि विषय स्पष्ट छापा. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असल्या नावाखाली बोलावू नका. शाळेची फी, रेशन, नोकरीचा शब्द यांतलं काहीही कोर्सशी जोडू नका. अठरा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नका. पाहुण्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका, कारण कुणाच्या घरी माहीत नसतं आणि नंबर सगळ्यांना दिसतात. निरोप एकेकाला पाठवा. फोटो नकोत.

आता उणी बाजू. अल्फा बाप्तिस्मा, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी), मंडळीची शिस्त यांत खोल शिरत नाही. कॅथलिक पॅरिशला (धर्मग्रामाला) तर संस्कार (बाप्तिस्म्यासारखे पवित्र विधी) आणि मरियेविषयीची शिकवण वेगळी द्यावीच लागते. वसईच्या धर्मग्रामात हे काम फादर आणि धर्मशिक्षक सांभाळू शकतात; छोट्या प्रोटेस्टंट मंडळीत ते कुणाच्याच अंगावर नसतं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २८ व्या अध्यायातली येशूची आज्ञा शिष्य करण्याची आणि पाळायला शिकवण्याची आहे, आणि पाळणं अकरा संध्याकाळींत शिकून होत नाही. बाराव्या आठवड्यात काय, हे ठरवल्याशिवाय पहिला आठवडा सुरू करू नका.

आमच्या मते बाराव्या आठवड्यापासून एकत्र वाचायला मार्काचं शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या जीवनाचा वृत्तांत) सर्वांत सोयीचं. सोळा अध्याय, आठवड्याला एक, म्हणजे चार महिने. दोघं किंवा तिघं, त्यांत एक अनुभवी, यापेक्षा मोठा गट नको. दर वेळी तीन प्रश्न: येशू इथे कसा दिसतो, या आठवड्यात मी काय वेगळं करणार, आणि कुणाशी बोलणार. पुढच्या भेटीची सुरुवात मागच्या आठवड्यात ठरवलेल्या गोष्टीने करा. हेच बहुतेक ठिकाणी सुटतं, कारण विचारायचा संकोच वाटतो. पाचव्या अध्यायात दुरात्म्यांपासून सुटलेला माणूस येशूबरोबर नावेत यायला बघतो, तेव्हा येशू त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. नव्या विश्वासणाऱ्याने प्लॅटफॉर्मवर पत्रकं वाटण्याआधी घरात बोलावं, आणि बोलण्याआधी वागावं, हे तिथून शिकवता येतं. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देताना राखायची, बायबलमधल्या १ पेत्र ३:१५ मधली सौम्यता आणि आदर त्याला सर्वांत जास्त सासरी, बिल्डिंगमध्ये आणि ऑफिसात लागते.

शेवटच्या संध्याकाळी पाहुण्यांनी आपापल्या एका मित्राला जेवायला आणायचं असतं. ही पद्धत सोडू नका, पुढच्या कोर्सची नावं तिथूनच येतात. त्या दिवशी जेवण दुप्पट करा, भाषण पंधरा मिनिटांचं ठेवा, आणि दारात पुढची तारीख छापलेली कार्डं ठेवून द्या. हातात कोंबू नका, ज्याला हवं तो उचलेल.