आमच्या घरच्या डेमोत सात जणी फसल्या, आणि त्यांना बोलावलं मी होतं

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी सांगलीत, आमच्या विश्रामबागच्या घरी भांड्यांचा डेमो झाला. अकरा बायका आल्या, सात जणींनी सेट बुक केला. त्यातल्या तिघींना आजवर एक चमचासुद्धा मिळालेला नाही. चौघींना जे मिळालं ते न मिळतं तरी चाललं असतं. मी स्वतः बेचाळीस हजारांच्या कर्जाचे हप्ते भरते आहे. पण पैशांपेक्षा जास्त लागलंय ते वेगळंच. डेमो करून भांडी विकणाऱ्या त्या बाईला आमच्या गल्लीत कोणी ओळखत नव्हतं. सगळ्यांनी पैसे दिले ते माझ्या तोंडाकडे बघून.

ती आली माझ्या जावेच्या ओळखीतून. माधवनगरच्या एका लग्नात दोघींची भेट झाली होती, तेवढीच ओळख. पन्नाशीची, इरकली साडी, बोलणं अगदी आपल्यातलं. पहिल्या दिवशी चहा घेतला, ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, तुमचा ओटा हॉलमधून सगळा दिसतो. डेमोला याच्यापेक्षा चांगलं घर नाही. किराणा माझा, भाजी माझी, गॅस तेवढा तुमचा. तुम्ही फक्त बायका जमवा." तीन बुकिंग झाली तर मला कढई, पाच झाली तर झाकणाची तीन पातेली, असं ठरलं.

कार्यक्रमाची आखणी तिने कशी केली ते नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. यादी करायला ती माझ्याशेजारी बसली. माझा फोन माझ्याच हातात, पण एकेका नावाला थांबवून ती विचारायची. यांचं नवीन घर झालंय का? यांच्याकडे शुगर कुणाला आहे? मुलगा बाहेरगावी असतो का? घरात पैशाचं कोण बघतं? मी भाबडेपणाने सगळं सांगत गेले. समोरच्या काकूंचे गुडघे, भिशीतल्या मैत्रिणीच्या मिस्टरांची बायपास, डबे करणाऱ्या वहिनींनी नुकतीच दिवाणखान्याला लावलेली फरशी. तिने लिहून काहीच घेतलं नाही. डेमोच्या दिवशी मात्र काकूंना म्हणाली, "तेल बंद केलंत की गुडघे हलके होतात बघा," आणि काकूंना वाटलं, किती जाणती बाई आहे.

दिवसही तिनेच निवडला. श्रावणी शुक्रवारी हळदीकुंकवाला बायका येतातच, दूध-फुटाणे घेऊन निघायची कुणाला घाई नसते, आणि जिवतीच्या दिवशी आलेल्या सवाष्णीला कोणी तोडून बोलत नाही. वेळ चारची. साडेपाचला प्रत्येकीला घरी स्वयंपाकाचं बघायचं असतं, म्हणजे शेवटची पंधरा मिनिटं घाईत जाणार. पुरुष माणसं त्या वेळी कामावर. हे सगळं मला नंतर उमगलं. चातुर्मासात आमच्याकडे वांगं, कांदा, लसूण चालत नाही, हेसुद्धा तिने आधी विचारून ठेवलं होतं. कृष्णाकाठची वांगी सोडून तिने दोडका आणि कोबी आणला, आणि बिनअंड्याचा रव्याचा केक.

डेमो खरंच छान झाला. दोडका चिरून कोरडाच पातेल्यात टाकला, तेल नाही, पाणी नाही. झाकण लावलं, गॅस बारीक केला. झाकणाच्या मुठीवर तापमानाचा काटा होता, तो हळूहळू हिरव्या पट्ट्यात सरकताना सगळ्या जणी मान पुढे काढून बघत होत्या. बारा-पंधरा मिनिटांत दोडका स्वतःच्याच पाण्यात शिजला. रव्याचा केक ओव्हनशिवाय गॅसवर फुगला. मधेमधे उखाणे, बरोबर उत्तराला स्टीलची वाटी. दोडक्यात मुळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि जाड बुडाचं भांडं, घट्ट झाकण, मंद आच असली की कुठल्याही भांड्यात तो असाच शिजतो. माझी आजी झाकणीवर पाणी ठेवून हेच करायची. पण त्या वेळी हे कुणाच्याच मनात आलं नाही, माझ्याही नाही.

मग सोड्याचा प्रयोग. तिने माझ्याच घरातलं जुनं जर्मनचं पातेलं मागून घेतलं. त्यात पाणी, दोन चमचे खायचा सोडा, आणि मोठ्या आचेवर दहा मिनिटं उकळी. तिच्या स्टीलच्या पातेल्यातही पाणी-सोडा, पण तिथे सोडा चिमूटभर आणि आच मंद. जर्मनच्या पातेल्याच्या आतून काळपट रेघ उठली. एकेकीला चमचाभर पाणी चाखायला दिलं. कडू, साबणासारखं. "हे तुम्ही रोज पोरांना घालता," असं म्हणून ती गप्प बसली. डबेवाल्या वहिनींचा चेहरा पडला. त्यांच्याकडे रोजची पंचवीस माणसांची आमटी जर्मनच्या पातेल्यातच होते.

नंतर माझ्या भाचीने, ती रसायनशास्त्र शिकते, तोच प्रयोग आमच्याकडे केला. दोन्ही भांड्यांत सारखं पाणी, सारखा सोडा, सारखी आच. चव दोन्हीकडे तीच आली, कडू आणि साबणासारखी. खायचा सोडा पाण्यात उकळत राहिला की त्याचा धुण्याचा सोडा होत जातो. ती चव सोड्याची असते, भांड्याची नाही. जर्मन त्याने काळं पडतं हे खरं, पण आमटीत दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं कोण उकळतं? कुणी तुमच्या ओट्यावर हा प्रयोग करायला लागलं तर चमचा आणि आच दोन्हीकडे बघा.

सेटची किंमत सव्वापाच वाजून गेल्यावर सांगितली. मूळ अडतीस हजार पाचशे, आजच्या दिवसापुरती सव्वीस हजार पाचशे, आत्ता पाच हजार भरून बुकिंग. शिवाय तीन मैत्रिणींची नावं-नंबर द्या, त्यांनी घेतलं की तुमच्या किमतीतून प्रत्येकी हजार कमी. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तुम्ही तर आधीच घेतलाय. सांगा ना."

मी हो म्हणाले. सकाळीच तिने माझ्याकडून 'डेमो किट' म्हणून बेचाळीस हजारांचा मोठा सेट घ्यायला लावला होता. पुढे मीच डेमो करीन, दर सेटमागे कमिशन मिळेल, दोन महिन्यांत पैसे वसूल, असं सांगून. कर्जाचं ॲप माझ्या फोनवर तिनेच भरलं, ओटीपी मी वाचून दाखवला, पैसे परस्पर तिकडे गेले. ते भांडं मी एकदाही चुलीवर चढवलेलं नव्हतं. तरीही मी हो म्हणाले, आणि पाच मिनिटांत सात जणींनी पैसे पाठवले. पैसे गेले ते कंपनीच्या खात्यात नाही, एका माणसाच्या नावावर. आम्हाला पिवळ्या कागदाच्या पावत्या मिळाल्या.

तीन आठवड्यांनी चौघींचे खोके आले. टेम्पोवाल्याने उरलेले साडेएकवीस हजार हातात आल्याशिवाय खोका उतरवला नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, छापील किंमत नाही, महिना-वर्ष नाही. बंद खोक्यातल्या मालावर हे सगळं असणं कायद्याने बंधनकारक आहे. आयएसआयचं चिन्हही नव्हतं. डेमोतली भांडी आणि ही भांडी वेगळीच होती. तीन थरांचं म्हणून जे दिलं तो एकेरी पत्रा होता, खाली चकती चिकटवलेली. काकूंच्या पातेल्यात तिसऱ्याच दिवशी दूध लागलं आणि महिन्याभरात चकतीची कड सुटली. झाकणावरचा काटा मी नखाने हलवून पाहिला. तो हललाच नाही, छापलेला होता, कायमचा हिरव्या पट्ट्यात. माझ्या किटमध्येही तसाच.

फोन आधी "गाडी कराडला अडकली" म्हणून टळत गेला, मग बंद झाला. पिवळ्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक भाचीने पोर्टलवर टाकला तर तो स्वीकारलाच जाईना. मोजला तर चौदा अक्षरांचा. खरा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. हे दोन मिनिटांचं काम मी डेमोच्या आधी केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

घरी येऊन डेमो करून विकणं हे मुळात वाईट नाही. सचोटीने करणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यावर घर चालवणाऱ्याही. केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी थेट विक्रीचे नियम काढले आहेत आणि ते अशाच व्यवहारांसाठी आहेत. विकायला येणाऱ्याकडे ओळखपत्र हवं. सुरुवातीलाच स्वतःची, कंपनीची आणि पत्त्याची खरी माहिती द्यायला हवी. किंमत, परतीची अट, गॅरंटी हे सगळं विक्रीआधी सांगायला हवं. डेमोचं सामान विकत घ्यायची सक्ती करता येत नाही, म्हणजे माझं किट तिथेच बाद. आणि "ओळखीच्यांची नावं द्या, तुमची किंमत कमी होईल" असं आमिष दाखवून विकायलाही मनाई आहे. आमच्याकडे यातला प्रत्येक नियम मोडला गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

डबेवाल्या वहिनींकडे जायला मला चार दिवस लागले. पाच हजार आगाऊ आणि मग साडेएकवीस हजार त्यांनी फरशीच्या उरलेल्या पैशांतून दिले होते. मी दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "तुम्ही वापरता म्हणालात म्हणून घेतलं हो." आवाज चढला नाही. पातेलं त्यांनी दाराआड उलटं ठेवलं होतं, आणि गॅसवर तेच जुनं जर्मनचं, आमटीने भरलेलं. जिथं डबे बांधतात त्या चटईवर मी बसले आणि काय बोलावं सुचलं नाही.

ज्या तिघींना काहीच मिळालं नाही त्यांचे पंधरा हजार मी माझ्या भिशीतून परत केले. त्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. चौघींचं नुकसान मोठं आहे, ते एकदम भरून देणं मला जमलेलं नाही. पण आम्ही आठही जणींनी मिळून पोलिसांत लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. कर्जाचा हप्ता मात्र वेगळा करार आहे. भांडं खोटं निघालं म्हणून तो थांबत नाही, तो मी भरते आहे.

बुकिंगच्या दिवशी तिच्या डायरीत मी "कराड, सातारा" असं लिहिलेलं पाहिलं होतं, पुढे श्रावणातल्याच तारखा होत्या. तिकडे कुणाकडे अशी पिवळी, चौदा अक्षरी क्रमांकाची पावती असेल तर फाडू नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, खोका आणि झाकणावरच्या न हलणाऱ्या काट्याचा फोटो जपून ठेवा आणि तुमच्याकडच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. आमच्या अर्जाला त्याने जोर येईल, तुमच्या अर्जाला आमच्याने.