पुण्यातील एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्स : गणिताशी वैर असणाऱ्यांनी आधी वाचावे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारातील बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर १९८७ पासून, म्हणजे मानवी जीनोम प्रकल्प सुरू होण्याच्याही आधीपासून, या विषयात, म्हणजे जीवशास्त्रीय माहितीच्या संगणकी व गणिती विश्लेषणात, काम करीत आहे. प्रथिनाचा कोणता तुकडा प्रतिपिंडे (अँटिबॉडी) ओळखतील याचा केवळ अनुक्रमावरून, म्हणजे त्यातील अमिनो आम्लांच्या क्रमावरून, अंदाज बांधणारी कोळस्कर-टोणगावकर पद्धत १९९० मध्ये येथूनच प्रसिद्ध झाली, आणि लशींवरील शोधनिबंधांत तिचा उल्लेख आजही आढळतो. येथील दोन वर्षांच्या एम.एस्सी.चा विचार करणाऱ्यांसाठी, या विषयात वावरलेल्या एका व्यक्तीचे हे मत आहे.

या शिक्षणाचे खरे मोल त्यातील गणितात व संख्याशास्त्रात आहे. सॉफ्टवेअर काय, कोणीही शिकतो. लिनक्सचा काळा पडदा आणि थोडेफार पायथॉन महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडते. पण दोन अनुक्रमांची जुळणी, म्हणजे सारखी अक्षरे समोरासमोर येतील अशी मांडणी, संगणकाकडून करून घेणे आणि ती कागदावर करणे यांत मोठे अंतर आहे. सात-सात अक्षरांचे दोन डीएनए अनुक्रम घेतले, तर नीडलमन-वुन्श पद्धतीचा तक्ता ६४ घरांचा होतो. प्रत्येक घरात शेजारच्या तीन घरांवरून निघणाऱ्या गुणांपैकी सर्वांत मोठे लिहीत जायचे आणि शेवटच्या घरातून वाट शोधत मागे यायचे. जुळणीत सोडलेल्या रिकाम्या जागेसाठी वजा होणाऱ्या गुणांचा दंड एकाने बदलला, तरी कित्येकदा वाट वेगळी निघते. हा तक्ता ज्याने स्वतः भरला, तो पुढे डेटाबेसमधून मिळतेजुळते अनुक्रम शोधणाऱ्या ब्लास्ट या सॉफ्टवेअरच्या निकालातील साम्याची टक्केवारी पाहून हुरळत नाही. तो ई-व्हॅल्यू, म्हणजे तेवढ्या गुणांच्या किती जुळण्या निव्वळ योगायोगाने सापडतील याचा अंदाज, पाहतो, आणि डेटाबेस मोठा झाला की तेवढ्याच गुणांची ई-व्हॅल्यू वाढते, हेही त्याला ठाऊक असते.

जीवगणिताचे तर पुणे-मुंबईशी जुने नाते आहे. साथींच्या अभ्यासात सर्वत्र शिकवले जाणारे गणिती प्रारूप केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मांडले, तेव्हा पडताळणीसाठी त्यांनी मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगमधील मृत्यूंचे साप्ताहिक आकडे घेतले होते. वक्र आकड्यांवर सुरेख बसला. मात्र प्रारूप माणसाकडून माणसाकडे होणारा संसर्ग गृहीत धरते आणि प्लेग पसरला तो उंदरांवरच्या पिसवांमुळे! वक्र जुळला म्हणून कारण सापडले असे होत नाही, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही. जनुकनकाशे (गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतरे दाखवणारे आराखडे) आखताना वापरले जाणारे १९४४ चे कोसंबी सूत्रही दामोदर धर्मानंद कोसंबींचे आहे, इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांचेच.

आता अडचणी, ज्या कोणत्याही एका संस्थेच्या नसून या पदवीच्याच आहेत. विद्यार्थी निरनिराळ्या शाखांतून येतात. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला बारावीनंतर कलनशास्त्र (कॅल्क्युलस) दिसलेले नसते, तर संगणकवाल्याला प्रथिन आणि जनुक यांतला फरक सांगावा लागतो. दोघांना एका पातळीवर आणण्यात बराच वेळ जातो आणि दोन वर्षे त्या मानाने तोकडी पडतात. दुसरे असे की, तयार व नीटनेटक्या माहितीवर शिकलेला विद्यार्थी खऱ्या माहितीपुढे गांगरतो. एक्सेल काही जनुकांच्या नावांचे परस्पर तारखांत रूपांतर करीत असे. हा घोळ इतका बोकाळला की नामकरण समितीने २०२० मध्ये त्या जनुकांची नावेच बदलली. असा कचरा निवडणे हे या व्यवसायातील रोजचे काम आहे, आणि ते प्रकल्पातच शिकायला मिळते. त्यासाठी पुण्याइतकी सोय क्वचितच कुठे असेल. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि खगोलशास्त्राची संस्था आयुका विद्यापीठाच्या आवारात आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), विज्ञानशिक्षण व संशोधनाची संस्था आयसर आणि प्रगत संगणनाचे केंद्र सी-डॅक पाषाणला, थोड्याच अंतरावर. प्रकल्पासाठी मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे स्वतःची, प्रयोगातून आलेली माहिती आहे का, हे आवर्जून विचारावे.

केवळ ‘आयटीत शिरण्याचा जवळचा रस्ता’ म्हणून ही पदवी घेऊ नये. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी सरळ व सोयीची आहे. ज्यांना पुढे पीएच.डी. करायची आहे किंवा औषधनिर्मिती वा शेतीच्या संशोधनात माहितीचे विश्लेषण करायचे आहे, त्यांनी निःशंक अर्ज करावा. जीवशास्त्रातून येणाऱ्यांनी प्रवेश परीक्षेपूर्वी संभाव्यता, मॅट्रिक्स आणि साधी विकलक समीकरणे (डिफरन्शियल इक्वेशन्स) बारावीच्या पुस्तकातून पुन्हा सोडवावीत. पहिल्या सत्रातली निम्मी दमछाक तेवढ्याने टळते.