सोपाऱ्याचा दगड बघायला काळा घोड्याला

आमच्या सहावीच्या वर्गाला घेऊन मी मुंबईच्या काळा घोडा भागातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दोनदा गेले. एकदा सहलवाल्याच्या बसने, दुसऱ्यांदा आमची आम्हीच. जागा तीच, पोरंही त्याच वयाची, पण दोन दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. म्हणून हे परीक्षण जेवढं संग्रहालयाचं आहे, तेवढंच तिथे मुलांना न्यायचं कसं याचंही आहे. शाळा नालासोपाऱ्यातली, मराठी माध्यमाची. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे कामाला येईल.

पहिल्या वर्षी एका सहल कंपनीचं माहितीपत्रक शाळेत आलं होतं. ‘आपला राष्ट्रीय वारसा : एका दिवसात मुंबई’. सहा ठिकाणं, नाश्ता, जेवण, गाइड आणि प्रत्येक मुलाला टोपी. मुख्याध्यापकांना टोपी फार आवडली. पहाटे साडेपाचला बस आली, ड्रायव्हरने पुढे नवीन लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला आणि आम्ही निघालो. महामार्गावर दीड तास नुसते उभे होतो. त्या दीड तासाची वसुली पुढे संग्रहालयातून झाली. ठरलेले दोन तास कापून पंचेचाळीस मिनिटं केली. गाइड शिट्टी वाजवत पुढे आणि त्याच्या मागे आमची रांग, असं आम्ही ते संग्रहालय ‘केलं’. हा शब्द त्याचाच. “चला, म्युझियम करून घेऊ, मग गेटवे करू.”

टोपीबरोबर एक रंगीत पत्रकही मिळालं होतं, राष्ट्रीय प्रतीकांचं. वाघ, मोर, कमळ, वड, सगळं ठीक. खाली ‘राष्ट्रीय खेळ : हॉकी’. आता, सरकारने कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही, हे मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी कुणाचे तरी बाबा माझ्याशी वाद घालतात. ते एक वेळ सोडून देऊ. पण झेंड्याच्या चित्रातलं चक्र? परतीच्या प्रवासात मागच्या सीटवरची एक मुलगी बोट ठेवून आरे मोजत बसली होती. तीनदा मोजून पुढे आली. “बाई, वीसच आहेत. चार कुठे गेले?” त्या अख्ख्या दिवसात कुणी एखादी गोष्ट निरखून पाहिली असेल तर ती तिने, आणि तीही चुकीच्या छापलेल्या कागदावर.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काय काय पाहिलंत? “वाघ.” पेंढा भरलेला, निसर्ग विभागातला. “आणि लिफ्ट.” पोरांना दोष देत नाही. मलाही त्याहून फारसं काही आठवत नव्हतं.

मला खरी टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. सहावीच्या इतिहासात मौर्य साम्राज्य आहे. सम्राट अशोकाचे शिलालेख कुठे कुठे सापडले, त्यात सोपाऱ्याचं नाव येतं. ते सोपारा म्हणजे आमचंच, स्टेशनपासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, जुनं शूर्पारक बंदर. तिथे पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली भुईगावला नवव्या लेखाचा. हे दोन्ही दगड आज याच संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. म्हणजे मी सोपाऱ्याची अडतीस पोरं तिथवर नेली, पंचेचाळीस मिनिटं फिरवली आणि सोपाऱ्याचा दगड न दाखवता परत आणली. लग्नाला जाऊन नवरदेव न बघता जेवून येतात, तसं.

यंदा म्हणून ठरवलं, एकच ठिकाण आणि त्या ठिकाणी एकच दगड. बाकी जे दिसेल ते दिसेल. मुख्याध्यापक म्हणाले, “एका दगडासाठी?” मी म्हटलं, हो. टोप्या नाहीत म्हटल्यावर ते जरा हिरमुसले, पण सही दिली.

तयारी महिनाभर केली आणि त्यात पैशाचाही खर्च नव्हता. प्रत्येकाने घरून एक नाणं आणायचं. त्यावरचे सिंह मोजायचे. सगळे म्हणाले तीन. मग चौथा शोधायचा. चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेत, त्यामुळे समोरून एक दिसतच नाही, हे पटवायला चार मुलांना वर्गाच्या मधोमध तसंच बसवलं. सिंहांच्या खालच्या पट्टीवर बैल आणि घोडा शोधला. हत्ती आणि आणखी एक सिंह मूळ स्तंभशीर्षावर बाजूंना आहेत, नाण्यावर दिसत नाहीत. ते शीर्ष सारनाथचं, अशोकाच्या स्तंभावरचं, आणि २६ जानेवारी १९५० पासून ते आपलं राजचिन्ह आहे. ‘सत्यमेव जयते’ मात्र अशोकाचं नाही, ते मुंडक उपनिषदातलं. इथे अर्धा वर्ग फसला.

मग ब्राह्मी लिपी, सोपाऱ्याचे लेख जिच्यात कोरलेत ती. ही युक्ती कुठल्याही शिक्षकाने बिनधास्त वापरावी. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह. ‘ग’ म्हणजे झोपडीचं छप्पर. ‘न’ म्हणजे उलटा ठेवलेला इंग्रजी टी. ‘ठ’ नुसता गोल आणि ‘थ’ म्हणजे गोलात टिंब. ‘गगन’ लिहायचं तर दोन छपरं आणि एक उलटा टी, झालं! चार दिवसांत पोरं एकमेकांना ब्राह्मीत चिठ्ठ्या पाठवू लागली आणि गणिताच्या बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. ही लिपी शेकडो वर्षं कुणालाच वाचता येत नव्हती, १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला ती उलगडली, हे सांगितल्यावर एक जण म्हणाला, “मग आम्हाला चार दिवसांत कशी आली?” मी म्हटलं, तुम्हाला शिकवायला बाई होत्या.

प्रवास लोकलने. होय, नालासोपाऱ्याहून, अडतीस पोरं घेऊन. कपाळावर हात मारण्याआधी ऐका. रविवारी सकाळची गाडी, चार पालक, पी.टी.चे सर आणि प्रत्येक पाच मुलांमागे एक गटप्रमुख. बसायला जागा मिळाली. मालाड आल्यावर मी मुद्दाम सांगितलं, स्टेशनचं नाव लक्षात ठेवा. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या बाजूने चालत गेलो. तिथे फुकटचा धडा मिळतो. मैदानाच्या एका हाताला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं गॉथिक काम, तर दुसऱ्या हाताला गोलाकार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. हा सगळा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पोरांनी मात्र मैदानावर एकाच वेळी किती क्रिकेट मॅचेस चालू आहेत तेच मोजलं. मोजू दिलं.

आता संग्रहालय. आधी इमारतीबद्दल, कारण आत शिरायच्या घाईत तिच्याकडे कुणी पाहत नाही. फाटकातून आत गेल्यावर बागेत थांबा आणि मुलांना दहा मिनिटं नुसतं वर बघू द्या. वास्तुविशारद जॉर्ज विटेट, ज्याने पुढे गेटवे ऑफ इंडियाही बांधलं. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला. भिंतींना निळसर दगड कुर्ल्याचा आणि पिवळसर दगड, कुठला? “मालाडचा!” हे उत्तर अडतीस गळ्यांतून एकदम आलं तेव्हा बाजूचं परदेशी जोडपं दचकलं. १९०५ साली पायाभरणी, १९१४ मध्ये इमारत तयार, पण महायुद्ध पेटलं आणि तिचं लष्करी इस्पितळ झालं. संग्रहालय म्हणून दार उघडलं ते १९२२ च्या जानेवारीत. आत मधल्या दालनात लाकडी खांब-कमानींचं जे काम आहे ते नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसवलेलं आहे. विजापूर, नाशिक, कुर्ला, मालाड, सगळे एका छपराखाली. भूगोलाच्या सरांनाही सोबत घ्यायला हवं होतं, असं तिथे वाटून गेलं.

मग दगड. दिसायला अगदी साधा. आजूबाजूला इतक्या देखण्या मूर्ती असताना त्याच्यापुढे कुणी थांबत नाही. आम्ही पाच-पाचच्या गटाने थांबलो. मी काही बोलायचं नाही असं ठरवून आले होते. पहिल्या गटात शांतता. दुसऱ्या गटातल्या एका मुलाने, जो वर्गात कधीच हात वर करत नाही, काचेपासून वीतभर अंतरावरून हवेतल्या हवेत बोट फिरवलं आणि म्हणाला, “न.” मग पलीकडून कुणीतरी, “हा म. माशासारखा.” मग तिथून त्यांना हलवणं अवघड झालं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नीने कोरलेलं अक्षर सोपाऱ्याच्या पोराने वाचलं. माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीचं सोनं झालं, असं म्हणणार होते, पण पी.टी.चे सर हसतील.

बाहेर येऊन बागेच्या कडेला लेखांचा अर्थ सांगितला. आठव्या लेखात अशोक म्हणतो, पूर्वी राजे विहारयात्रेला जायचे, म्हणजे मौजेखातर, शिकारीला. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर मी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून या धर्मयात्रा सुरू झाल्या. लोकांना भेटायचं, वृद्धांना दान द्यायचं, धर्माची चर्चा करायची. हे ऐकून एक मुलगी म्हणाली, “म्हणजे बाई, मागच्या वर्षीची विहारयात्रा आणि ही धर्मयात्रा.” ती मागच्या वर्षी पाचवीत होती, सहलीला आलीच नव्हती! मोठ्या बहिणीकडून ऐकलं होतं म्हणे. आमच्या शाळेत काही लपून राहत नाही.

नवव्या लेखात राजा म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात, पण त्यांचं फळ थोडं. मला लगेच त्या बसची लिंबू-मिरची आठवली. पण ते मी पोरांना सांगितलं नाही, उगाच घरी जाऊन आज्यांना शिकवतील.

“नाण्यावरचे सिंहवाला अशोक आणि हा अशोक एकच?” हा प्रश्न आला तेव्हा मला कळलं की महिनाभर शिकवूनही हे दोन तुकडे त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होते. सारनाथ कुठे, सोपारा कुठे. एकच, म्हटलं. “तो आपल्याकडे आला होता?” तो आल्याचं ठाऊक नाही, त्याचे शब्द आले होते.

उरलेला दीड तास मोकळा सोडला. अकबराच्या चिलखतापुढे मुलगे आणि लघुचित्रांपुढे दोन-तीन मुली रमल्या. वाघापाशी अर्थातच सगळे. मला तिथला एक रखवालदार लक्षात राहिला. पोरांवर डाफरला नाही, उलट आम्हाला वाट दाखवताना स्वतः चार पावलं चालत आला. एवढ्याने फरक पडतो.

कुणी मुलांना नेणार असेल तर सांगते. सगळं बघायचा हट्ट धरू नका. हजारो वस्तू आहेत, मोठ्यांचेही पाय दुखतात. आपल्या गावची, आपल्या जिल्ह्याची एक वस्तू आधी शोधून ठेवा. सवलत, वेळा, गटाची नोंदणी हे आधी विचारून, शाळेचं पत्र घेऊनच जा. दप्तरं नकोत, एक वही आणि पेन्सिल पुरे. डबे आम्ही बाहेर पडून ओव्हलच्या कडेला खाल्ले. आणि सहलवाल्यांकडून जायचंच असेल तर एका दिवसात ठिकाणं किती, एवढंच विचारा. आकडा तीनच्या वर गेला की फोन ठेवा.

तारे द्यायचे तर संग्रहालयाला पाच, बसवाल्या सहलीला एक, तोही नाश्त्याच्या उपम्यासाठी. टोप्या दोन धुण्यांतच विरल्या.

सोमवारी शाळा सुटताना एका मुलाची आजी फाटकापाशी थांबली होती. सासर-माहेर दोन्ही भुईगावच्या बाजूचं. “आमच्या गावचा दगड मुंबईत ठेवलाय म्हणतो हा, खरं का हो बाई?” खरं, म्हटलं. तिने पिशवीतून नातवाची वही काढली आणि मागच्या पानावर पत्ता लिहून मागितला. मी लिहून दिलं, चर्चगेटला उतरा, ओव्हलच्या बाजूने सरळ चाला, घुमट दिसेल. खाली नातवाने ब्राह्मीत काहीतरी खरडलं होतं. ते मला लागलं नाही, उलट्या टीला त्याने एक पाय जास्त दिला होता.