चिक्कीचा गूळ: सुकामेव्याच्या चिक्कीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

संक्रांत जवळ आली की किराणा दुकानात गुळाच्या दोन थप्प्या लागतात, एक साध्या गुळाची आणि एक चिक्कीच्या. चिक्कीचा गूळ किलोमागे थोडा महाग. घरी काजू-बदाम-पिस्त्याची चिक्की करायची असेल तर तो घ्यावा, असंच आमचं मत आहे. पण त्याच्याकडून चिक्की आणि तिळाचे लाडू यापलीकडे काही अपेक्षा ठेवू नका. गुळपोळीच्या सारणात तो घातलात तर पोळी गार झाल्यावर सारण कडक होतं आणि चावताना ओढत येतं. पोळीला साधा, मऊ गूळच हवा.

दुकानात पारख करायची ती रंगावरून नाही, लवचीकपणावरून. साधा गूळ रवाळ असतो, दाबला की फुटतो. चिक्कीचा गूळ सुरीने कापताना भुगा होत नाही, तो चिकटत, ताणत सुटतो. एकदम फिकट पिवळाधमक गूळ मात्र टाळावा. काही गुऱ्हाळांत रंग उजळायला हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट हे रसायन) वापरतात आणि तसा रंग बहुधा त्याचाच असतो. पाकीटबंद माल घेताना घटकपदार्थ वाचा. तिथे साखर किंवा द्रव ग्लुकोज लिहिलेलं असेल तर चिक्की कडक होईल, पण गुळाची चव पातळ लागेल. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ढेपेवर 'कोल्हापुरी' लिहिलं म्हणजे ती चिक्कीची झाली असं नाही, साधा गूळही कोल्हापुरीच असू शकतो.

या गुळाची मोठी गैरसोय म्हणजे तो हाताळायला वैताग आणतो. किसता येत नाही, किसणीलाच बसतो. सुरीला तूप लावून पातळ काप काढायचे. थंडीत दगड झाला असेल तर पाकिटासकट दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवायचा. उसाची चोयटी किंवा खर दिसली तर दोन चमचे पाण्यात वितळवून गाळून घ्या. मग पाक व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, कारण घातलेलं पाणी आधी आटावं लागतं.

प्रमाण असं: 250 ग्रॅम मेव्याला 200 ग्रॅम गूळ आणि एक चमचा तूप. गूळ 150 वर आणला तर काप एकमेकांना धरत नाहीत, 250 वर नेला तर खाताना मेवा कमी आणि गूळच जास्त लागतो. बदाम मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा, काजू चार-पाच, पिस्ते दोन-तीन (खारे नकोत). मग बदामाचे उभे काप करा, काजूचे चार तुकडे. अख्खा काजू ठेवला तर लाटणं त्याच्यावर अडतं आणि चिक्की कापताना नेमकी तिथेच फुटते. कापताना पडलेला भुगा चाळून काढा, तो पाक पिऊन टाकतो. मेवा पाकात जाईपर्यंत कोमट राहिला पाहिजे. गार मेवा पडला की पाक जागच्या जागी आळतो आणि लाटायला वेळच उरत नाही.

बहुतेकांची चिक्की बिघडते ती पाकात, आणि बोल बसतो गुळाला. जाड बुडाच्या कढईत तूप आणि गूळ मंद आचेवर वितळवा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग दाट बारीक फेस धरतो आणि रंग गडद व्हायला लागतो. आता वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकून बघायचा. पहिल्यांदा मऊ गोळी होते. आणखी थोड्या वेळाने गोळी घट्ट होते, पण दाबली तर चिवट लागते. इथे थांबण्याचा मोह होतो, कारण गार झाल्यावर अशी चिक्कीही कडक दिसते. दुसऱ्या दिवशी दाढेला चिकटते ती हीच. त्या टप्प्याला पाकात अजून सात-आठ टक्के पाणी असतं. थेंब कट्कन तुटला आणि वाटीत टाकल्यावर टण् वाजला की पाक झाला. थर्मामीटर असेल तर 145 ते 148 अंश सेल्सिअस. 155 च्या पुढे कडवट चव येते. थेंब तपासताना गॅस बंद ठेवा, तेवढ्या अर्ध्या मिनिटातही पाक पुढे जातो.

खुसखुशीत हवी असेल तर पाक झाल्यावर चिमूटभर खायचा सोडा. गूळ किंचित आंबट असल्याने सोडा फसफसतो आणि बारीक हवा आत अडकते. चमचाभर घातला तर साबणासारखी चव येते. मग मेवा ओता, चार वेळा ढवळा आणि तूप लावलेल्या पोळपाटावर काढून पाऊण मिनिटाच्या आत लाटा. जाडी अर्धा सेंटिमीटर. वड्यांच्या रेघा गरम असतानाच पाडा. लाटताना कडक झालीच तर बटरपेपरवर घेऊन गरम तव्यावर मिनिटभर ठेवा, पुन्हा लवते.

मनुका, अंजीर, जर्दाळू यांच्याशी हा गूळ जमवून घेत नाही. त्यांच्यातला ओलावा पाकात उतरतो आणि दोन दिवसांत वड्यांना पाणी सुटतं. सुक्या फळाची चव हवीच असेल तर खारीक घ्या: बारीक तुकडे करून कोरडे भाजायचे, 250 ग्रॅममध्ये 25 ग्रॅमपर्यंत. सुक्या खोबऱ्याचे भाजलेले कापही छान बसतात. अंजीर-खजुराची वडी वेगळी करावी, तिला गूळच लागत नाही.

परदेशात चिक्कीचा गूळ मिळत नसेल तर 150 ग्रॅम साधा गूळ, 50 ग्रॅम साखर आणि चमचाभर कॉर्न सिरप. कडकपणा बराचसा तसाच येतो, खमंगपणा थोडा कमी.

चिक्की पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, थरांमध्ये बटरपेपर घाला. मुंबई-कोकणच्या हवेत डबा उघडा राहिला तर एका संध्याकाळीत वड्या चिकट होतात. पाक कच्चा राहून चिवट झालेली चिक्की पुन्हा वितळवायला जाऊ नका, मेवा करपतो. बारीक तुकडे करून खजुराच्या वडीत मळा.